हिवाळ्यातली पाणंद

दिवाळी उलटली, भात खळ्यावरून घरात आले, की मालवण तालुक्यातल्या वाटा चालण्याजोग्या होतात. चिखल वाळलेला असतो, व्हाळ घोटाभर पाण्यातून ओलांडता येतात, सड्यावरचे गवत पिवळे पडून कातळ दिसू लागतो. गेले तीन हिवाळे आम्ही घरची मंडळी गावातल्या एका चालणाऱ्या गटाबरोबर रविवारी बाहेर पडतो. पंधरा-वीस माणसे, पुढे एक निवृत्त गुरुजी आणि सर्वांत मागे वाट माहीत असलेला एक तरुण. मागे राहिलेल्याला सोडून पुढे जायचे नाही, हा एकच नियम.

सुरुवात अम्मींमुळे झाली. त्यांची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. पण काम नसताना बाईने रस्त्यावर फिरावे, हे अम्मींना पटेना. त्या अंगणातच फेऱ्या मारायच्या आणि चार दिवसांत कंटाळायच्या. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "एकदा येवन तरी बघ गे." काकूंना नाही म्हणणे अम्मींना जमले नाही.

पहिला रविवार धामापूरच्या तलावाचा होता. सोळाव्या शतकात बांधलेला हा तलाव आजही शेतीला पाणी देतो. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. काठाने चालताना अम्मी पहिला तासभर कुणाशी बोलल्या नाहीत. बुरख्यामुळे सगळे आपल्याकडेच बघतील, अशी त्यांची धास्ती. मग शेतात कुळीथ दिसला, पिठी कशी करायची यावरून दोन बायकांचा वाद झाला आणि अम्मींना गप्प राहवेना.

डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. फजर घरी पढून निघायचे आणि अकरा वाजता ऊन चढायच्या आत परतायचे, हे वेळापत्रक आम्हाला सोयीचे पडते. फक्त कुडोपीला गेलो तेव्हा दिवस लांबला. तिथल्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कातळात कोरलेल्या आकृत्या आहेत. कोकणातल्या अशा निवडक कातळशिल्पांबरोबर कुडोपीचे नाव २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेले. आदल्या रात्री गुरुजींचाच फोन आला, "तुमच्या नमाजाला किती वाजता थांबायचं?" जोहरला आम्ही एका झाडाखाली थांबलो. बाकीच्यांनी तेवढ्यात भाकरीची फडकी सोडली आणि आमची वाट बघत बसले.

खरी गोष्ट मात्र एका साध्या पाणंदीची आहे. मागच्या जानेवारीत अम्मींच्या माहेरच्या बाजूला गेलो. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे असलेल्या ज्या पाणंदीतून त्या लहानपणी वडिलांसाठी खाडीवर डबा न्यायच्या, तिथे नवे लोखंडी गेट आणि कुलूप होते. आम्ही परत फिरत होतो, तेवढ्यात गवताचा भारा घेऊन एक म्हातारी आली. अम्मींकडे बघत राहिली. "तू त्या तांडेलाची चेडू मा?" चाळीस वर्षांनी कुणीतरी अम्मींना त्यांच्या वडिलांवरून ओळखले होते. दोघी गडग्यावर बसल्या त्या अर्धा तास उठल्या नाहीत. गेट पावसाळ्यानंतर बसले, शेतात जायला आता मैलभर वळसा पडतो, हे तिनेच सांगितले.

गुरुजींनी तिथेच समजावले. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेतकऱ्याला तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाडीतली तरुण माणसे मुंबईला, म्हाताऱ्यांना कायदा ठाऊक नाही. सहा महिने असेच निघून जातात. आमच्यासारखे कुणी दर हिवाळ्यात तिथून गेले, तर निदान वेळेत कळते.

अर्ज करावा लागला नाही. वाडीतल्यांनी मालकाशी बोलणे केले. गेट राहिले, बाजूला माणूस आणि डोक्यावरचा भारा जाईल एवढी जागा सुटली. गुरे मात्र अजून वळसा घालूनच जातात.

तुमच्या गावात असा गट नसेल, तर चार घरे मिळूनही निघता येईल. सड्यावर सावली नसते, म्हणून माणशी दोन लिटर पाणी घ्या. चपला नकोत, बूट घाला. दगड उलटू नका, खाली फुरसे असते. चावलेच तर वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठा. शुगरची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात खजूर किंवा साखर ठेवावी आणि घरी आल्यावर पाय नीट तपासावेत.

अम्मींची शुगर पूर्वीपेक्षा बरी आहे, गोळ्या सुटलेल्या नाहीत. येत्या रविवारी त्या पुन्हा त्याच पाणंदीने जाणार आहेत. म्हातारीसाठी सांदणांचा डबा आत्ताच बाजूला काढून ठेवला आहे.