पवनी : तटाची माती, स्तूपाच्या विटा

पवनी हे किल्ल्याजवळचे गाव नाही, किल्ल्यातले गाव आहे. वैनगंगेच्या पश्चिम काठावर, भंडाऱ्याहून अड्याळमार्गे गेले तर पन्नास किलोमीटरच्या आत हा भुईकोट लागतो. एका अंगाला नदी, उरलेल्या अंगांना तट आणि तटाबाहेर खंदक अशी त्याची मांडणी आहे. गावाची जुनी वस्ती, देवळे आणि बाजार या कोटाच्याच आत वाढले. सकाळच्या एसटीने आलेल्या विद्यार्थ्याला संध्याकाळच्या गाडीपर्यंत हे सगळे पायी पाहता येते.

शाळांच्या सहलींचा ओढा मात्र अंबागडाकडे असतो, आणि त्यात नवल नाही. तुमसर तालुक्यातला हा डोंगरी किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या राजखान पठाण नावाच्या सुभेदाराने 1700 च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचे कुजके, विषारी पाणी कैद्यांना पाजून मारत, ही कथा मास्तर पायथ्यालाच सांगून टाकतात; मग मुले गड चढतात ती विहीर शोधायला. पवनीला असा चढ नाही आणि अशी कथाही नाही. पण भंडारा जिल्ह्यात एकच किल्ला पाहायचा असेल, तर तो पवनीचाच पाहावा.

पवनीत पहिला फोटो निघतो तो दगडी दरवाजाच्या कमानीखाली. दरवाजा देखणा आहे, पण तो उत्तरकाळातला. खरी गोष्ट त्याच्या बाजूला, गवताखाली दडलेली आहे. दगडी बांधकामाला लागून जो मातीचा उंच बांध लांबवर गेलेला दिसतो, तो मूळ तट. शेताचा धुरा समजून सहलीतली मुले त्यावरून पळत जातात. पावसाने कापलेल्या जागी वाकून पाहिले तर मातीचे थर उघडे पडलेले दिसतात, आणि त्यांत खापरांचे तुकडे अडकलेले असतात. ही माती इसवी सनापूर्वीच्या शतकांत टाकलेली आहे. खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला रचायची आणि एकाच कष्टात दोन संरक्षणे उभी करायची, अशी ही जुनी रीत. दगड नंतर आला, राजे बदलले, तटाची रेघ तीच राहिली. 1969-70 च्या पहिल्या उत्खननानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1994 मध्ये अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली येथे पुन्हा खोदकाम केले.

राजांची यादी थोडक्यात अशी : मौर्य, सातवाहन, मध्ये क्षत्रप आणि भार राजे, मग वाकाटक. बऱ्याच काळानंतर देवगडचे गोंड आणि अठराव्या शतकात नागपूरकर भोसले. 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले, राज्य खालसा झाले आणि भुईकोटाची लष्करी गरज संपली.

पवनीचे खरे वैभव तटाबाहेर आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची टेकडी या दोन उंचवट्यांखाली विटांचे प्रचंड स्तूप निघाले. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे 36 मीटर. पवनीचे स्तूप त्याच मापाच्या आसपासचे आहेत. सांचीला जगभरातून माणसे येतात. पवनीची टेकडी दाखवायला गावातल्या एखाद्या काकांना सोबत घ्यावे लागते.

जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप एका झटक्यात उभा राहिलेला नाही. आधी विटांचा घुमट आणि त्याभोवती प्रदक्षिणेची वाट होती. पुढच्या काळात त्यात भर पडली आणि कोरीव दगडी स्तंभ आले. मध्य प्रदेशातल्या भारहुत येथील कोरीव कामाशी या स्तंभांचे जवळचे नाते आहे. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने 1873 मध्ये भारहुत उजेडात आणले आणि तेथील शिल्पे कलकत्त्याच्या संग्रहालयात पोहोचली. पवनीला आणखी जवळजवळ शंभर वर्षे वाट पाहावी लागली.

या स्तंभांपैकी एकावर डोळे खिळून राहतात. पाच फण्यांचा नाग, त्याच्या फण्याखाली आसन, आणि आसनावर कोणीच नाही. हा मुचलिंद नाग. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानाला बसले असता वादळी पाऊस सुरू झाला, तेव्हा त्याने फणा पसरून त्यांच्यावर छत्र धरले अशी कथा आहे. त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत. रिकामे आसन, बोधिवृक्ष किंवा चक्र यांवरून पाहणाऱ्याने ओळखायचे. कारागिराने नागाचे नावही ब्राह्मी लिपीत कोरून ठेवले आहे, म्हणून ओळख पटवायला वाद घालावा लागला नाही. इतर दगडांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. एखाद्या राजाने हुकूम सोडला आणि स्तूप उभा राहिला, असे हे प्रकरण नव्हे; येथे एकेका दगडाचा दाता वेगळा आहे.

लेखांपैकी आणखी दोन सांगण्याजोगे आहेत. एक स्तंभ महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभ आहे. क्षत्रपांचे नाव एरवी गुजरात-माळव्याकडे ऐकू येते. ते वैनगंगेच्या काठी सापडावे, याने विदर्भाच्या इतिहासाची मांडणी बदलली. दुसरा लेख भार राजा भगदत्त याचा. म. म. वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला.

विद्यार्थ्याची खरी अडचण येथे सुरू होते. महत्त्वाच्या वस्तू नागपुरात आहेत, म्हणजे जागा पवनीत आणि पुरावा दुसऱ्या शहरात. त्यामुळे सहल दोन भागांत केलेली बरी : आधी नागपूरचे संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, आणि मग पवनी. उलट क्रमाने गेलेल्या मुलांना टेकडीवर फक्त विटा दिसतात.

दुपारी घाट पाहावेत. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात ती देवळांच्या संख्येमुळे. वैजेश्वराचा घाट त्यांतला मुख्य. नदीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्दचे धरण आहे. राजीव गांधी यांच्या हस्ते 1988 मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. त्याच्या 33 दरवाजांपैकी किती उघडले, ही पावसाळ्यात काठावरच्या गावांची रोजची चौकशी असते.

बाजारात कोष्ट्यांच्या हातमागाची जुनी ख्याती आता बोलण्यापुरती उरली आहे. जोर आहे तो मिरचीचा. हंगामात परिसरातल्या मिरची सातऱ्यांवर बाया रांगेने बसून लाल मिरचीचे देठ खुडतात. मजुरी वजनावर मिळते. नाकातोंडाला पदर बांधूनही ठसका चुकत नाही, आणि सहलीतली मुले तेथे पाच मिनिटेही उभी राहू शकत नाहीत. खुडलेली मिरची पोत्यांत भरून परप्रांतांत जाते. परतीची गाडी चुकली तर उमरेड आणि भंडारा या दोन्ही बाजूंना जाण्याची सोय येथून आहे. उमरेडच्या रस्त्यावर कऱ्हांडल्याचे जंगल लागते. 2016 मध्ये दिसेनासा झालेला जय हा वाघ तिथलाच.