वजन आलं की आवळते, नाही तर सरकते : झाडावर जीव सांभाळणारी गाठ

नेवासा तालुक्यात उंच चिंच किंवा लिंब छाटायचा, तर दोर असा हवा की माणूस वर-खाली सरकेल, पण पाय निसटला तर पडणार नाही. हे काम घर्षणगाठ करते.

१९३१ मध्ये ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी अशी गाठ जगापुढे मांडली. जाड दोराभोवती बारीक दोरीचे तीन वेढे घ्यायचे. वजन पडलं की वेढे आवळतात. वजन काढलं की गाठ हाताने सरकते. झाडावरच्या कामात वापरली जाणारी ब्लेकची गाठ वजन असतानाही हळूहळू सरकवता येते.

धोका कुठे? घसरताना घाबरून गाठच मुठीत धरली, तर ती आवळत नाही. भरकन उतरलं तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळू शकतं. आणि करवत दोरही कापते, म्हणून फांदी कापताना दुसरा आधार बांधलेला हवाच.