उठावदार विणीचे पायमोजे : एक हस्तनिर्मित भेट

बाळंतविड्यात कुंची, टोपडे, दुपटे यांसोबत लोकरीचे पायमोजेही दिले जातात. विणकाम पुष्कळदा बाळाच्या जन्माआधीच सुरू होते. पावलाचे माप ठाऊक नसते. ही अडचण वीणच दूर करते. दोन सुलट, दोन उलट टाके ओळीवर ओळ तसेच घातले की सुलट टाक्यांचे उभे पट्टे पुढे येतात, उलट टाके मागे सरतात. वीण ताणली जाते व पुन्हा आवळते. म्हणून घोट्याभोवती तीच इष्ट. दुरंगी नक्षीत आतल्या बाजूस मोकळे धागे राहतात व त्यांत इवली बोटे अडकतात (प्रस्तुत लेखिकेने ती नक्षी याच कारणास्तव सोडली). एकरंगी सुलट-उलट नक्षीत तो धोका नाही. बोटांपाशी जाड शिवण टाळून समोरासमोरचे टाके बोथट सुईने जुळवून घ्यावेत.