विश्लेषण : ‘काम कधी पूर्ण होणार?’ सॉफ्टवेअर तारीख कशी काढते?

दसऱ्याच्या मुहूर्तावर नवे ऑफिस सुरू करायचे, असे ग्राहक सांगतो. इंटिरियरचे काम घेणारा ‘होऊन जाईल’ म्हणतो. मुहूर्त टळला की ग्राहकाला दोन्ही जागांचे भाडे पडते आणि कंत्राटदाराचे शेवटचे बिल अडकते. हा वाद टाळण्यासाठी आता छोटे व्यावसायिकही शेड्युलिंग सॉफ्टवेअर वापरू लागले आहेत. ते नेमके काय करते?

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकी अभियंते हेन्री गँट यांनी १९१०च्या दशकात कामांच्या आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. तोच ‘गँट चार्ट’. १९५७च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतील तज्ज्ञांनी ‘क्रिटिकल पाथ’ ही गणिती रीत विकसित केली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट १९८४मध्ये आले. प्रोजेक्टलिब्रे, गँटप्रोजेक्ट ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

तारीख कशी निघते?

सॉफ्टवेअरला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कामे कोणती, प्रत्येकाला किती दिवस आणि कोणते काम कोणत्या कामानंतर. उदाहरणार्थ, मापे व ड्रॉइंग ४ दिवस, ग्राहकाची मंजुरी ३ दिवस. त्यानंतर दोन वाटा फुटतात. जागेवर वायरिंग ३, फॉल्स सीलिंग ४ आणि रंगकाम ४, असे ११ दिवस. त्याच वेळी कारखान्यात फर्निचर तयार होण्यास १८ दिवस. शेवटी फिटिंगचे ४ दिवस.

साऱ्या दिवसांची बेरीज ४० होते. पण दोन वाटा एकाच वेळी चालत असल्याने काम २९ दिवसांत संपते. सोमवारी सुरुवात केली आणि फक्त रविवारी सुट्टी धरली, तर पाचव्या आठवड्यातील शुक्रवार उजाडतो.

क्रिटिकल पाथ म्हणजे काय?

सर्वांत लांब वाट म्हणजे क्रिटिकल पाथ. येथे ती ड्रॉइंग, मंजुरी, फर्निचर, फिटिंग अशी जाते. रंगारी दोन दिवस उशिरा आला तरी बिघडत नाही, कारण जागेवरच्या कामांना मिळून ७ दिवसांची सवड आहे. फर्निचर दोन दिवस रखडले, तर मात्र शेवटची तारीख दोन दिवसांनी पुढे जाते. त्यामुळे रोज फोन करायचा तो कारखान्याला.

चूक कुठे होते?

अनेक जण आधी दसऱ्याची तारीख टाकतात आणि मग कामांचे दिवस ओढूनताणून बसवतात. तक्ता सुबक दिसतो, काम मात्र तेवढ्यात होत नाही. दुसरी चूक सुट्ट्यांची. दसऱ्याच्या आधी गणेशोत्सव येतो, कारागीर गावी जातात. सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये हे दिवस भरले नाहीत, तर ते बिनदिक्कत त्या दिवशीही काम दाखवते. तिसरी चूक सर्वांत महागात पडते. ग्राहकाची मंजुरी हे ‘काम’ म्हणून तक्त्यात लिहिलेच जात नाही.

ग्राहकाला याचा उपयोग काय?

मंजुरी क्रिटिकल पाथवर आहे. लॅमिनेटचा रंग ठरवायला ग्राहकाने ३ऐवजी ८ दिवस घेतले, तर शेवट ५ दिवस लांबतो आणि हे तक्त्यात दोघांनाही दिसते. त्यासाठी काम सुरू होण्याआधी मूळ वेळापत्रक ‘बेसलाइन’ म्हणून साठवून ठेवावे आणि त्याची प्रत ग्राहकाला द्यावी. पुढे बदल झाला की उशीर कुठून आला, हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून कळते.

मग शब्द कोणत्या तारखेचा द्यावा?

सॉफ्टवेअरची तारीख सगळे सुरळीत झाले तरची असते. त्यात काही राखीव दिवस मिळवूनच तारीख द्यावी. ती दसऱ्याच्या पुढे जात असेल, तर ते ॲडव्हान्स घेण्यापूर्वी सांगावे. फर्निचर कमी करणे किंवा तयार टेबले आणणे, हे पर्याय तेव्हाच खुले असतात.