जागतिक बँकेच्या नांवांतील ‘विकास’ हें पद

जागतिक बँक दरिद्री देशांच्या साह्यार्थच जन्मास आली, असा समज सर्वत्र रूढ आहे. आमच्या मतें तो अर्धाच खरा आहे.

‘पुनर्रचना व विकास यांसाठीं आंतरराष्ट्रीय बँक’ हें तिचें मूळ नांव. पुनर्रचना म्हणजे युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या देशांची पुन्हा उभारणी. विकास म्हणजे जेथें उद्योगधंदे मुळांतच तुटपुंजे, तेथील उत्पादनशक्तीची वाढ. हीं पदें द्वंद्व समासाप्रमाणें जोडलेलीं आहेत, आणि द्वंद्वांत दोन्ही पदें सारखींच प्रधान असतात.

हें समप्राधान्य मात्र आग्रहानें मिळवावें लागलें. जुलै १९४४ मध्यें अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांची परिषद भरली. दोन्ही प्रकारच्या योजनांचा बँकेनें सारखाच न्याय्य विचार करावा, असा आग्रह मेक्सिकोनें धरला व तसें कलम घटनेंत आलें. त्याच परिषदेंत निर्माण झालेल्या नाणेनिधीच्या उद्दिष्टांत मागासलेल्या देशांच्या विकासाचा उल्लेख असावा, असें भारताच्या शिष्टमंडळानें सुचविलें; परंतु ‘सर्व सभासदांच्या’ उत्पादनसाधनांचा विकास, एवढेच मोघम शब्द पदरांत पडले. या शिष्टमंडळांत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख होते. संस्कृतज्ञ वाचकांस ते मेघदूताचे मराठी अनुवादक म्हणून परिचित आहेतच.

व्यवहारांत प्रथम पूर्वपदच वरचढ ठरलें. पहिलें कर्ज, २५ कोटी डॉलर, मे १९४७ मध्यें फ्रान्सला मिळालें. पुढें १९४८ पासून युरोपचा भार अमेरिकेच्या मार्शल योजनेनें उचलला, तेव्हां बँकेची दृष्टि उत्तरपदाकडे वळली. ऑगस्ट १९४९ मध्यें भारतास रेल्वेसाठीं ३ कोटी ४० लक्ष डॉलर मिळाले. पण हीं कर्जें व्याजी असत, व तीं अतिदरिद्री देशांस पेलत नसत. म्हणून १९६० मध्यें आंतरराष्ट्रीय विकास संघ ही जोडसंस्था स्थापन झाली आणि दीर्घ मुदतीचीं बिनव्याजी कर्जें मिळूं लागलीं.

म्हणजे घटनेंत शब्द लिहिला गेल्यापासून दरिद्री देशांस झेपेल असा त्याचा अर्थ हातीं येईपर्यंत १६ वर्षें गेलीं. बँकेंत मतांचें बळ मुख्यतः भांडवलाच्या प्रमाणांत असतें. तेव्हां ज्यांचें भांडवल थोडें, त्यांस घटनेंतील शब्दाचाच आधार. तो शब्द त्यांनीं वारंवार उच्चारून दाखविला पाहिजे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस दिसतो.