तळहात तापला, पण घाम गेला कुठे?

जालन्यात मे महिन्यात घाम येतो यात नवल नाही. पण डिसेंबरच्या कडाक्यातही ज्याच्या तळहाताला पाणी सुटलेलं असतं, त्याचं दुखणं निराळं. पेपर लिहिताना हाताखाली रुमाल धरावा लागतो, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. संकरित कपाशीच्या प्लॉटवर परागीकरण हातानेच करतात. कपाशीचा पराग पाणी लागलं की फुटतो, तिथे ओली बोटं चालत नाहीत. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत तर तळहाताचा अतिघाम हे अपात्र ठरवण्याचंच कारण आहे. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘नस कापून घे, हात कोरडा होईल.’

ही नस हाताची नव्हेच. ती छातीच्या आत, पाठीच्या कण्यालगत बरगड्यांच्या मुळांवरून खाली उतरते. सिम्पथेटिक साखळी म्हणतात तिला. काखेत लहानसं छिद्र पाडून दुर्बीण आत घालतात, त्या बाजूचं फुप्फुस थोडा वेळ खाली बसवतात आणि पडद्याआडून दिसणारा तो पांढुरका दोरा बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीवर जाळून तोडतात किंवा त्यावर क्लिप लावतात.

पण नेमकी हवी तीच नस तुटली, हे कळायचं कसं? रुग्ण भुलीत असतो. घाम थांबला का, हे त्याला विचारता येत नाही आणि भुलीत तळहात तसाही कोरडा पडलेला असू शकतो. इथे उपयोगी पडतो तळहातावर चिकटपट्टीने लावलेला तापमानाचा सेन्सर. जी साखळी घामाच्या ग्रंथींना हुकूम सोडते, तीच त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळूनही धरते. साखळी तुटली की वाहिन्या सैल पडतात, रक्त वाढतं आणि काही मिनिटांत मॉनिटरवरचा आकडा चढू लागतो. साधारण एक अंश सेल्सिअस किंवा अधिक वाढ झाली, तर काम झालं असं सर्जन मानतात. आकडा हललाच नाही तर ते पुन्हा आत बघतात: बरगडी मोजताना चूक झाली का, बाजूने एखादी फाटा देणारी नस सुटली का?

आकडा मात्र डोळे मिटून मानायचा नसतो. भुलीच्या औषधांनीही रक्तवाहिन्या पसरतात. नस तुटण्याआधीच तळहात गरम झाला असेल, तर पुढे चढायला जागाच थोडी उरते. थिएटरचा एसी, अंगावरचं गरम पांघरूण, यांचाही परिणाम होतो. म्हणून भूल स्थिर झाल्यावरचा आकडा आधी टिपून ठेवावा लागतो आणि नंतरची वाढ त्याच्याशी ताडून बघावी लागते. मला या तपासणीचं मोल वाटतं ते यासाठी की ती स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे आणि छाती बंद करण्याआधी चूक सुधारायची संधी देते.

मात्र तळहातावरचा सेन्सर पाठीबद्दल काहीच सांगत नाही. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना पाठ, पोट, मांड्यांवर पूर्वीपेक्षा जास्त घाम येऊ लागतो. काहींना तो किरकोळ वाटतो, काहींचा सदरा दिवसातून दोनदा बदलावा लागतो. साखळी वरच्या बाजूला, दुसऱ्या बरगडीवर तोडली तर हा धोका वाढतो, असा अनेक सर्जनांचा अनुभव आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि लोक रोलिंग मिलच्या भट्टीपुढे उभे राहतात, तिथे या दुष्परिणामाला किरकोळ म्हणणं मला पटत नाही. तुटलेली नस खात्रीने पूर्ववत करता येत नाही. क्लिप काढूनही दरवेळी फरक पडत नाही.

तेव्हा ऑपरेशनची घाई नको. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. रात्री लावायचं ॲल्युमिनियम क्लोराइड, पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देणारं आयनटोफोरेसिस, गोळ्या, बोटॉक्सची इंजेक्शनं, हे मार्ग आधी वापरून बघा. त्यांनी भागलं नाही आणि ऑपरेशनच करायचं ठरलं, तर सर्जनला दोन प्रश्न जरूर विचारा: नस कोणत्या बरगडीवर तोडणार, आणि पाठीला घाम सुटला तर पुढे काय?