ऋतूनुसार दुधाची प्रत आणि घ्यावयाची काळजी

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पशुपालन हे धानाच्या तणसावर आणि जंगलाच्या चराईवर उभे आहे. त्यामुळे येथे दुधाची प्रत ऋतूगणिक बदलते. महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीसारख्या ठिकाणी रतीब घालणाऱ्या शेतकऱ्यास याचा अनुभव असतोच. मे महिन्यात दूध तापवताना फाटते, श्रावणात पातळ लागते आणि गिऱ्हाईक म्हणते, "पाणी घातलं का?" पुष्कळदा पाणी घातलेले नसते. दोष हवामानाचा, चाऱ्याचा आणि काही अंशी हाताळणीचा असतो.

कासेतून निघालेले दूध साधारण ३८ अंश सेल्सिअस उष्ण असते. निरोगी जनावराच्या अशा ताज्या दुधात जंतूंना काही काळ थोपवून धरण्याची नैसर्गिक शक्ती असते, परंतु हवा जितकी उष्ण तितकी ती लवकर संपते. त्यानंतर अनुकूल उष्णतेत काही जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे चार तासांत २५६ होतात. दूध फाटते ते या जंतूंनी तयार केलेल्या आम्लामुळे.

चंद्रपूरला उन्हाळ्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे हवाच दुधापेक्षा उष्ण असते आणि ओसरीवर ठेवलेला कॅन थंड होण्याऐवजी तापतो. यावर सोपा उपाय म्हणजे दूध गाळून कॅन लगेच सावलीतील पाण्याच्या टाक्यात ठेवावा, पाण्याची पातळी दुधाच्या पातळीइतकी असावी व कॅनच्या उघड्या भागावर ओले पोते गुंडाळावे. दूध अधूनमधून स्वच्छ दांड्याने ढवळावे. नवतपाच्या कोरड्या हवेत ओल्या पोत्याचा गुण चांगला येतो. मात्र हाच उपाय आषाढात चालत नाही. जसा माठ मे महिन्यात पाणी थंड करतो आणि पावसाळ्यात करीत नाही, किंवा कूलर पावसाळ्यात नुसता दमटपणा वाढवतो, तसेच हे आहे. हवेत ओल भरलेली असली की पोत्यातील पाणी उडत नाही आणि उष्णता ओढली जात नाही. म्हणून पावसाळ्यात पोत्यावर विसंबू नये. विहिरीचे ताजे पाणी टाक्यात बदलत राहावे आणि धार काढल्यापासून दोन तासांच्या आत दूध गिऱ्हाइकाकडे किंवा शीतकरण केंद्रावर पोहोचवावे. तेथे ते ४ ते ५ अंशांपर्यंत थंड केल्यावरच टिकते.

दूध नासू नये म्हणून काहीजण त्यात खाण्याचा सोडा घालतात. सोड्याने आंबटपणा झाकला जातो, जंतू मात्र वाढतच राहतात. हा प्रकार कायद्याने गुन्हा आहे आणि तो लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे.

आता पातळ दुधाचे पाहू. मी कृषिविद्येचा अध्यापक असल्याने माझे लक्ष आधी गव्हाणीकडे जाते. दुधातील स्निग्धांश मुख्यतः चाऱ्यातील तंतूंपासून, पोटात तयार होणाऱ्या आम्लांतून घडतो. पावसाळ्यात जनावर कोवळ्या गवतावर तुटून पडते. या गवतात पाणी अधिक व तंतू कमी, त्यामुळे दूध वाढते पण फॅट उतरते. अशा वेळी रोज ४ ते ५ किलो कोरडे तणस किंवा कुटार अवश्य द्यावे. उन्हाळ्यात नेमके उलटे होते. नुसत्या तणसात प्रथिने फार थोडी असतात, त्यात उष्णतेने जनावर कमी खाते आणि दुधातील स्निग्धेतर घनपदार्थही घटतात. गाईच्या दुधासाठी किमान ३.२ टक्के फॅट व ८.३ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ हे मानक आहे. दूध त्याखाली गेले की भाव तर जातोच, संशयही येतो.

यासाठी मळणी झाल्यावरच तणसावर युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो तणसासाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर सारखा शिंपडावा, दाबून प्लॅस्टिकने हवाबंद झाकावे व २१ दिवसांनी उघडावे. खाऊ घालण्यापूर्वी तासभर पसरून वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना हे तणस देऊ नये. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये, ते विष ठरते.

लॅक्टोमीटर लावताना दुधाची उष्णता त्यावर लिहिल्याप्रमाणे असावी. गरम दुधात तो खाली बसतो व आकडा कमी दाखवतो. उन्हाळ्यात 'पाणी घातले' या आरोपाचे मूळ कित्येकदा एवढेच असते.

पावसाळ्याचा खरा धोका मात्र ढेपेत आहे. ओल लागलेल्या सरकी वा भुईमुगाच्या ढेपेवर बुरशी वाढते आणि अफलाटॉक्सिन हे विष तयार करते. जनावराने ते खाल्ले की एक दिवसाच्या आत त्याचा अंश दुधात उतरतो. हे विष उकळून नाहीसे होत नाही. दुधात त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. बुरसट ढेप उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये, ती फेकावी. पोती भिंतीपासून दूर लाकडी फळ्यांवर रचावीत. भिजलेल्या गंजीचे काळे पडलेले तणसही गव्हाणीत टाकू नये. दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध निवळते.

चिखलाने कासदाह, म्हणजे दगडी, याच दिवसांत बळावतो. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या कापडावर घेऊन गाठी दिसतात का ते पाहावे. सड धुऊन कोरडे पुसावेत. धार संपताच चारा टाकावा, म्हणजे सडांची तोंडे मिटेपर्यंत जनावर अर्धा तास उभे राहते. बिबट्याच्या भीतीने जंगलालगतचे गोठे रात्री चारही बाजूंनी बंद केले जातात, ते समजण्यासारखे आहे. परंतु कोंदट गोठ्यात ओल व माश्या वाढतात. वरच्या बाजूस मजबूत जाळीच्या खिडक्या ठेवाव्यात.

हिवाळ्यात दूध सर्वांत चांगले. लाखोळी, बरसीम असा हिरवा चारा मिळतो आणि थंडीने जंतूंची वाढ मंदावते. फक्त थंड पाण्याने कॅनची चिकटी निघत नाही, म्हणून तो सोड्याच्या गरम पाण्याने घासून उन्हात पालथा घालावा. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत म्हशी अधिक वितात. पहिल्या पाच-सात दिवसांचा चीक रतीबाच्या दुधात मिसळू नये, तापवताना सगळे दूध फाटते. आजारी जनावरास प्रतिजैविक टोचले असल्यास पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्याचे दूध विकू नये व घरातही वापरू नये.

ऋतू कोणताही असो, धारोष्ण दूध पिऊ नये व मुलांना देऊ नये. ब्रुसेला व क्षयाचे जंतू दुधाच्या चवीवरून वा वासावरून कळत नाहीत. एक चांगली उकळी आली की ते मरतात.